चार्ज देताना

ही खुर्ची. डावा पाय आखूड आहे,
खालचा पुठ्ठा असू दे, काढू नकोस.
हे लाल बटण. एकोणीस वर्षांत चौदा वेळा दाबलं,
त्यातलं एकदा उगाच.
एका बाईचा स्कार्फ जिन्यात अडकतोय असं वाटलं मला.
अडकला नव्हता.
सगळा सरकता जिना थबकला
आणि दोनशे माणसं वळून माझ्या काचेकडे बघू लागली.
पहिल्यांदाच.

हा माइक.
उजवीकडे उभे राहा, डावीकडून चाला, मुलांचे हात धरा.
दाताच्या कण्या केल्या, थेओना, कोणी ऐकत नाही.
तरी बोलत राहा. गप्प बसलीस
की बोगद्यातला वारा फार जवळ येतो.

ब्लँकेट तुला ठेवते. किटली वहीत लिहिलेली नाही,
कुणी विचारलं तर तूही पाहिलेली नाही.

उतरणाऱ्यांचे आधी बूट दिसतात,
मग गुडघे, मग पिशवी,
आणि चेहरा दिसेपर्यंत गाडी आलेली असते.
चढणाऱ्यांच्या नुसत्या पाठी.
त्बिलिसीतली निम्मी माणसं मी पाठीवरून ओळखते,
त्यांच्याशी बोलायची वेळ आली तर पंचाईत.

सोमवारपासून मी दात करणार.
हस, हस. बाद्रीही हसला, पोटचा पोर.
दोन वर्षं रात्रीच्या वर्गाला मेण कोरत होते
विशीतल्या पोरींच्या शेजारी, चष्मा नाकावर ओढून.
खालच्या पहिल्या दाढेला पाच उंचवटे असतात, ठाऊक आहे?
मी आयुष्यभर त्यावर घास चावला
आणि मला ठाऊक नव्हतं.
प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी आहे.
खिडकीत कुणीतरी जेरेनियम लावलंय, अर्धं वाळलेलं.
त्या खिडकीपायी पगार विचारायचा राहिला.

भीती वाटते का?
वाटते. काल रात्री स्वप्नात सगळे दात जिन्यावरून
एकेका पायरीवर उभे राहून खाली येत होते,
शहाण्यासारखे, उजव्या बाजूला.

आणि हो, साडेदहाला शाल्वा आजोबा येतात.
गाडीत बसत नाहीत. बाकावर बसतात, परत वर जातात.
का, ते विचारू नकोस.
वरचा एकही दात नाही, हसताना तोंडावर टोपी धरतात.
म्हटलं, या माझ्याकडे, माप घेते.
म्हणाले, अंगणात अक्रोड होता तेव्हा दात होते,
आता तू दात देशील, मक्वाला,
अक्रोड कोण देईल?
मी रजेवर गेलेय असं त्यांना सांगू नकोस.
खरं सांग. पत्ता ड्रॉवरमध्ये आहे.

बस. इथे सही कर. तारीख घाल.
आता मी वर जाईन, आणि पाठ तेवढी दिसेल तुला.
सवयीनं उजवीकडेच उभी राहीन.
तू ओरड हवं तर माइकवरून,
डावीकडून चाला.
बघू, चालते का.