चार स्लॉटवाला

लॅमिंग्टन रोडला मी तिसऱ्यांदा आले
तेव्हा मुर्तझाने स्टूल आधीच पुढे सरकवलं.
काउंटरवर दोन खोकी.
एकात दोन स्लॉटचा बोर्ड, एकात चारचा.
बाकी सॉकेट तेच, चिपसेट तोच, म्हणाला,
फरक सतराशेचा.

सतराशे म्हणजे
गिरगावात गाला शेटच्या दुकानात
लग्नपत्रिकेची सतरा प्रूफं, रंगीत, गणपतीसकट.
दुकान बंद झालं, हिशेबाची सवय राहिली.
बावीस वर्षं मी तिथे अक्षरं जुळवली,
आमचे येथे श्रीकृपेकरून, आणि तेराव्याची निवेदनं.
मशीन चार बदलली, एकही माझं नव्हतं.
उघडलेलं तर कधी पाहूच दिलं नाही;
इंजिनिअर यायचा, म्हणायचा,
मॅडम, तुम्ही तोवर चहा घेऊन या.

केयूर म्हणतो, आत्या, लॅपटॉप घे,
झाकण उघडलं की काम सुरू.
तेच तर नको होतं.
मला स्क्रू हवे होते.

आईच्या बोंबलाच्या वहीत
मागची कोरी पानं होती, त्यांवर मी सगळं उतरवलं:
प्रोसेसरचे पाय किती, कुठला बोर्ड कुणाला चालतो,
कुठल्या खोक्यात कुठला मावतो.
पुढच्या पानांवर अजून उधारी आहे,
मेलेल्या बायकांच्या नावावर.

राहता कुठे, मुर्तझाने विचारलं.
दांड्याला.
म्हणजे समुद्र?
म्हणजे खिडकीतून वाळत घातलेले बोंबील.
त्याने आतून एक परत आलेला बोर्ड आणला,
तांब्यावर हिरवी बुरशी चढलेली.
खारी हवा, म्हणाला, पंखा समुद्र आत ओढतो.
रोज चालू करत जा, ताई,
बंद ठेवलेलं लवकर सडतं.
मी हसले. आमच्याकडे दाराची कडीसुद्धा
दर दोन वर्षांनी बदलावी लागते.

मग त्याने चारवाला पिशवीतून काढला.
कडांना धरा, मधे बोट नको.
केयूर म्हणाला होता, वरून शहरासारखा दिसतो.
मला नाही दिसलं शहर.
मला दिसली अक्षरं,
काळ्यावर पांढरी, तीन पॉइंटची असतील फार तर,
प्रत्येक खाचेशेजारी, प्रत्येक पिनेखाली,
काही आडवी, काही उभी, काही चक्क उलटी.
हे कुणीतरी जुळवलंय.
तैवानात की कुठे, पाठ दुखेपर्यंत बसून,
आणि एका जागी, पंख्याच्या पिनांपाशी,
दोन अक्षरांतलं अंतर चुकलंय.
मी मुर्तझाला दाखवलं.
त्याने भिंग लावलं, मग म्हणाला,
दहा वर्षांत हे कुणी विचारलं नाही.

तुम्ही रॅम एकच घेताय, तो म्हणाला,
दोनवाला पुरे. खरं सांगतो.
खरंच सांगत होता; त्याचा तोटाच होता त्यात.

दहा बाय बारात आम्ही सहा जण.
माळ्यावर जाळी, जाळ्यांवर गाद्या, गाद्यांवर केयूरची पुस्तकं.
रिकामी जागा विकत घ्यायची असते
हे आमच्यात कुणाच्या मनात आलेलं नाही.
पैसे मोजताना माझा हात थांबला,
एकदा.
चारवाला, मी म्हणाले.

रात्री पाटावर वर्तमानपत्र पसरून
रॅम दुसऱ्या घरात बसवली. पुस्तिकेत तसंच होतं, दुसऱ्यात.
दोन्ही टोकांना टक् झालं.
मथुरा वहिनी भाकऱ्या टाकून बघायला आली.
नि ती तीन रिकामी कशाला गो?
मी म्हटलं, असू देत.
मुंबईत तीन घरं, रिकामी,
माझ्या नावावर.

पहिल्यांदा काहीच लागलं नाही.
दुसऱ्यांदाही नाही; एक वायर उलटी होती.
पावणेएकला पडदा उजळला,
निळसर, आणि त्यावर तारीख,
कुठल्या तरी जुन्या वर्षाची एक जानेवारी.
प्रूफात सापडावी तशी चूक.
मी कीबोर्ड पुढे ओढला
आणि दुरुस्त केली.