आडव्या सातूइतकं

जूनमध्ये इथं चार वाजताच उजाडतं,
तरी माझ्या आधी आर्ची म्युअर शेडमध्ये असतो.
कामाच्या पहिल्या दिवशी त्यानं खिशातून
सातूचा एक दाणा काढला, बाकावर आडवा ठेवला.
"ग्रीनवरचं गवत एवढं, इश्बेल.
वर गेलं की चेंडू रेंगाळतो,
खाली गेलं की गवत मरतं.
मधल्या जागेत माझी एकतीस वर्षं गेली."

मग समुद्राच्या बाजूनं चालत निघालो.
ग्रीनभोवतीची कॉलर: करंगळीचं नख.
फेअरवे: अंगठ्याचं अर्धं पेर.
त्याच्या कडेचा पट्टा: आडवी दोन बोटं.
रफ: बूट दिसेनासा होईल इतकं.
त्यापलीकडे वाळूच्या टेकाडांवर
पिवळं, गुडघ्याला लागणारं, वाऱ्यानं लोळवलेलं.
ते किती, विचारलं मी.
"ते? ते आपलं नाही."

सरळ मारणाऱ्याला मऊ, वाकडं मारणाऱ्याला उंच,
एवढाच काय तो न्याय.
पण बाई गेडीस, वय एक्याऐंशी,
दर गुरुवारी सातव्यावर उजवीकडेच मारतात,
आणि तिथलं रफ
दर बुधवारी संध्याकाळी थोडं खाली येतं.
मी काही बोलले नाही. तोही नाही.

त्याच्या घरी एकदा तेलाचा डबा द्यायला गेले.
फाटक उघडेना, आतून गवतानं धरलेलं.
जेसी दारातूनच ओरडली,
"सबंध गावाची हजामत करतो हा,
घरचं रान कुणी कापायचं?"
त्या रानाच्या मधोमध खुर्ची,
खुर्चीत आर्ची, पाय उघडे, डोळे मिटलेले.
डबा पायरीवर ठेवून मी परत आले.

सप्टेंबरात सेक्रेटरी भिंग लावलेलं यंत्र घेऊन आला.
नवव्या ग्रीनवर ओणवा होऊन आकडा वाचला: तीन पूर्णांक आठ.
"आणि तुमच्या हिशेबानं, म्युअर?"
आर्ची गुडघ्यावर बसला, तळवा दवावर ठेवला.
हल्ली त्याची बोटं सकाळी बधिर असतात,
हे फक्त मला माहीत.
तळवा बराच वेळ तिथंच राहिला.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली, इतकीशी.
"बरोबर आहे," तो म्हणाला.

उठताना त्यानं माझा खांदा धरला.
खिशातून दाणा काढला,
तोंडात टाकला,
आणि चावत चावत ट्रॅक्टरकडे गेला.