मीटरपेटीतली रेघ

टेनामेंट नंबर चौदा, समा.
नदीपासून, जाहिरातीत लिहिलंय, 'निवांत अंतरावर'.
ते शब्द माझेच. एकवीस वर्षं हाच धंदा.
निवांत, हवेशीर, स्टेशनपासून दहा मिनिटं
(कोणाची दहा मिनिटं, ते कोणी विचारत नाही),
असल्या शब्दांवर मुलीची फी भरली मी.

आज खानविलकर बाई आल्यात.
दांडिया बाजारातली भाड्याची जागा सोडायचीय,
निवृत्तीचे पैसे एकदाच आलेत, पुन्हा यायचे नाहीत.
पर्समधून त्यांनी सुतळी काढली.
"शिवणयंत्राच्या लांबीची आहे. टेप येतो हो मला वाचता,
पण सुतळीला खोटं बोलता येत नाही."

मी हसलो. मग ते हसू
घशाशी जरा अडकलं.

रंगाचा वास अजून ओला.
नटुभाईंनी झुंबर टांगलंय,
दाराशी प्लॅस्टिकचा मोगरा.
बाई खिडकीखाली सुतळी धरतात, एकदा, परत एकदा.
बसतं यंत्र. उजेड डावीकडून.
आणि त्यांच्या चेहऱ्यावर
घर लागायला लागतं, भांडी, देव, कॅलेंडर, सगळं.
तो क्षण मला पाठमोराही ओळखू येतो.
नेमक्या त्याच क्षणी आम्ही दलाल
बानाखताची गोष्ट काढतो.

मी जिन्याखालची मीटरपेटी उघडली.

रंगारी तिथवर कधीच पोचत नाही.
आत जुना चुना, पालीची फुटकी अंडी,
आणि माझ्या छातीइतक्या उंचीवर
चहाच्या रंगाची आडवी रेघ.

"हे काय?"
"विश्वामित्री. तीन दिवस मुक्काम होता."
"इथवर?"
"इथवर."

बाईंनी सुतळी जमिनीपासून वर धरली.
यंत्र संपलं.
रेघ अजून वीतभर वर.

नटुभाईंनी मला ओट्यावर ओढलं.
"पोतनीस, तुम्ही नक्की कोणाचे?
दलाली तर दोघांकडून घेता!"
खरंच होतं. एक टक्का इकडचा, एक तिकडचा,
म्हणजे काटा व्हायचं माणसानं,
आणि मी इतकी वर्षं
जड पारड्यात जाऊन बसत आलो.
हे त्यांना सांगितलं नाही. चप्पल शोधत राहिलो.

फाटकापाशी बाईंनी विचारलं,
"मगरी येतात म्हणे?"
"येतात. वाट चुकलेल्या असतात बिचाऱ्या."
"तुम्हाला बरं सगळं ठाऊक."
"मागच्याच गल्लीत राहतो. तळमजला.
मला ते घर दाखवताना
कोणी पेटी उघडली नव्हती."
"कोण होता दलाल?"
"माझे गुरू. धंदा त्यांच्याकडेच शिकलो."

सौदा मोडला. नटुभाईंनी किल्ली परत घेतली,
दिलेल्या चहाचा उल्लेख करून.
रात्री दुसऱ्या एका घराची जाहिरात लिहायला बसलो.
'निवांत' लिहिलं. खोडलं.
सकाळी उठून चालत गेलो आणि लिहिलं:
नदी अकराशे चाळीस पावलं. पावलं माझी.
बायको म्हणाली, आता कोण फोन करणार?
आठवडाभर कोणी केला नाही.

रविवारी बाईंचा आला.
"मांजलपूरला पहिला मजला आहे एक, दुसऱ्या दलालाचा.
दलाली त्याची. तुम्ही नुसते या,
आणि काय काय उघडून बघायचं ते उघडा."

गेलो. पुढे त्या सुतळी घेऊन,
मागे मी, टॉर्च.
तिथला पोरगा दलाल माझ्याकडे असा बघत होता,
जसं मी आयुष्यभर
नवऱ्यामुलीकडच्या खडूस मामांकडे बघत आलो.
टाकीचं झाकण, गच्चीची मोरी, शेजारणीची दोन वाक्यं,
सोसायटीची थकबाकी. ठीक होतं. ठीकच होतं, फार नाही.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, तुमचे किती?
म्हटलं, एक प्लेट सेव-उसळ.

तिखटजाळ होती. डोळ्यांतून पाणी.
बाईंनी तर्री पुन्हा मागितली.