टोकाची झाडं

माझं हृदय दुखत नाही.
डॉक्टर भंगाळे म्हणाले, तोताराम, हीच तर भानगड आहे.
शिवताना नळ्या जोडल्या,
तारा नाही जोडता येत.
आत पाणी कमी पडलं
तरी घंटा वाजणार नाही.
म्हणून वर्षातून एकदा आपण जाऊन बघायचं.

मला हे कळायला वेळ लागला नाही.
सत्तावीस वर्षं सावदा, फैजपूर, न्हावी,
याच पट्ट्यात ठिबक जोडत फिरलो.
सबमेन, लॅटरल, ड्रिपर.
आमच्या बोअरचं पाणी चुन्याचं.
नळी वरून काळी, तुळतुळीत,
गेजचा काटा दीडवर,
मालक म्हणतो, सगळं ओके.
आणि ओळीच्या टोकाची बारा केळी
भर दुपारी पानं मिटून उभी.

जळगाव. तिसरा मजला. टेबल गार.
मनगटातून तार आत जाते.
यावलची हसीना तडवी शिशाचा एप्रन घालून
मशीनचं डोकं माझ्यावर फिरवते.
श्वास धरा, दादा.
धरा.
सोडा.
रंग सुटतो आणि पडद्यावर
एक काळं झाड उगवतं, ठोक्यागणिक हलणारं,
तीन ठोक्यांत पुसलं जातं.
परत उगवतं, तिरपं.

मी फांद्या मोजतो. धंद्याची खोड.
छान दिसतंय की, मी म्हणतो.
हसीना म्हणते, दादा, हे नुसतं पाणी दिसलं.
नळी आतून कशी आहे, ते कुठे दिसलं?

मग दुसरी तार. तिच्या टोकाला
ज्वारीच्या दाण्याहून बारीक सोनोग्राफी.
ती खोल नेतात
आणि हळू, फार हळू, मागे ओढतात.
आता झाड नाही. गोल.
कापलेल्या नळीचं तोंड,
आणि आतून कडेकडेने
एक करडा पापुद्रा.
एका जागी गाठ असती तर फुग्याने उघडली असती.
हा नळीभर, इमानदारीने सारखा.
चुना असाच बसतो.

पॉइंट तीन, डॉक्टर काचेपलीकडून म्हणाले.
मागल्या साली पॉइंट एक होतं.
पॉइंट पाचला काय होतं, मी विचारलं नाही.

ज्याचं हे होतं तो बावीसचा होता, एवढंच कळलं.
नाव नाही, गाव नाही.
त्याने दिलं तेव्हा नळ्या कोऱ्या असणार.
साचतंय ते माझ्याकडचं.
माझं अंग अजून त्याला विचारतंय, तू कोणाचा?
सकाळी साडेसात, रात्री साडेसात
गोळ्या घालून मी अंगाला गप्प बसवतो.
तरी ते विचारतं, बारीक आवाजात, भिंतीआडून.

जिना चढताना मी अर्ध्यावर पोचतो
तेव्हा कुठे त्याला कळतं, आपण चढतोय.
मग धापा टाकत मागून येतं,
नव्या घरात वाट चुकलेल्या पोरासारखं.
मी कठड्याला धरून थांबतो.
ये बाबा. घाई नाही.

एक गोळी बदलली. एक वाढवली.
पपनस खायचं नाही, हे पुन्हा बजावलं.
आमच्याकडे पपनस कोण खातं,
पण मी मान हलवली.

तापीच्या पुलावर बस थांबली होती,
पुढे केळीचा ट्रक फसलेला.
मी मनगटाची पट्टी बघत बसलो.

दारात कोकिळा.
काय म्हने डाक्टर? दुखत तं नाही ना?
नाही, मी म्हणालो. दुखत नाही.
तिने देवाकडे बघून हात जोडले
आणि चहा ठेवायला आत गेली.

मी मागच्या वाफ्यात गेलो.
शेवटच्या लॅटरलचं बूच काढलं.
पांढरट पाणी आलं, बराच वेळ, थुंकत थुंकत.
निवळ होईपर्यंत उकिडवा बसून राहिलो.
बोटांना खर लागली होती. पँटला पुसली.

पॉइंट तीन तिला उद्या सांगेन.
उद्या बाजार आहे.
परवा.