शोधकाचं नाव

वेंगुर्ल्यात बंदराच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या वर माझं ऑफिस.
खाली सोड्यांचा वास, वर शाईचा.
कामं बहुतेक लेबलांची: कोकम सरबत, आंबावडी, एक उदबत्ती.
पेटंटचा अर्ज वर्षातून एखादा.
यंदाचा सुहासिनी गिरपने आणला,
फडक्यात गुंडाळून.

टेबलावर ठेवलं तेव्हा दिसलं, पातं.
काजूच्या पोटाचा बाक जसाच्या तसा लोखंडात,
फक्त एका टोकाला, अर्धा जव,
कानशीने घासल्याची खूण.

"ह्या कोणी केल्यान?"
विचारतो खरं तर अर्ज, मी नुसता त्याचा आवाज.
म्हणाली, भाच्याच्या लॅपटॉपात मशीनला सांगितलं
बी कशी, साल किती जाड, डीक कुठून उडतो.
त्याने एका रात्रीत पाती काढून दिली
दोनशे अकरा.
तिच्या कारखान्यात बायका सोळा.

मी पेन थांबवलं.
या रकान्यात मशीन चालत नाही.
इथे माणूस लागतो, आडनाव, पत्ता, सही.
मशीनला साधा अंगठाही नाही.
"मगे माजा नाव घाल."
घालतो, पण तू काय केलंस ते सांग.

असं विचारायला नको होतं.
तिने हात पुढे केला.
बोटांची टोकं काळी, कातडी उतरलेली,
डिकाने रेषा खाऊन टाकलेल्या.
रेशन दुकानातलं यंत्र दर महिन्याला
तिला ओळखायचं नाकारतं.

मग सावकाश सांगू लागली.
कुडाळच्या लेथवर नऊ पाती कापली, आठ फुकट.
नववं दुपारी चाललं.
संध्याकाळी खारा वारा सुटला, बी मऊ पडली,
साल फुटेना, नुसती वाकायची, आत गर दुभंगायचा.
वाऱ्याचं मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं.
तिला आवाजावरून कळलं:
टक् होतं, त्याचं टप् झालं.
तेव्हा कानस.

मी लिहिलं: 'अग्रभागी शून्य पूर्णांक चार मिलिमीटरचा उतार.'
वारा कुठे लिहायचा ते सुचलं नाही.

खरं सांगायचं तर पहिला मसुदा
मीही मशीनकडूनच करून घेतला होता.
त्यात शोधक सगळीकडे 'तो' होता.
सात ठिकाणी 'ती' केलं.
'पूर्वी ज्ञात' या मथळ्याखाली
तिच्या सासूची युक्ती गेली, हाताला चुलीतली राख चोळायची.
सासूचं नाव विचारायला अर्जात जागा नाही.
आणि मशीन ज्यांची चित्रं बघून शिकलं
ते कुठले, कोण, कुठल्या बंदरातले,
त्यांचा तर मथळाही नाही.

तिने सही केली, अक्षर अक्षर लावून.
"गावतला मा?"
तीन वर्षं, कदाचित चार.
तिने पातं परत फडक्यात गुंडाळलं.
"तवसर ह्या माज्याकडेच ऱ्हवांदे.
उद्या दोन पोती फोडूची आसत."

अर्जावर तेलाचा डाग राहिला,
बाकदार.
तसाच पाठवला.