मागच्या पानावर मिरचीचे भाव

वैजयंता घरटे. पाच हजार मीटर.
पेपरातला तिचा फोटो मी खिडकीच्या काचेला चिकटवलाय,
भाताच्या शितानं.
ऊन आलं की मागच्या पानावरचे मिरचीचे भाव
तिच्या कपाळावर उमटतात, उलटे.

आई म्हणते, "तिले काय माहीत, तू शेस का नही?"
नाहीच माहीत.
तीन मेसेज पाठवले. एकही उघडलेला नाही.

मी नंदुरबारची. मिरचीच्या पथारीच्या कडेनं पळते,
नाकाला ओढणी बांधून.
लांबवर नुसतं लाल वाळत पडलेलं,
आणि फेऱ्या मोजता मोजता
मी शिंकाच मोजायला लागते.

मुलाखतीत ती म्हणाली, मला रोज कंटाळा येतो.
हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही.
जिद्द, स्वप्न, ते सगळं रिक्षांच्या मागे असतंच.
मला तिचा कंटाळा पुरतो.
साडेपाचचा अलार्म बंद करताना वाटतं,
तीही आत्ता कुठंतरी
बोटानं चाचपडत असेल.

परवा ती शेवटून दुसरी आली.
फोटो नव्हता. खाली कोपऱ्यात एक ओळ.
तीही कापून ठेवलीय.
मागे काय छापलंय,
अजून उलटून पाहिलं नाही.