कानामागे

पिल्लू पुन्हा मागचा पाय उचलतं,
कानामागे खराखरा.
तुशेतीच्या कुरणावर अजून बर्फाचे डाग
आणि कानाच्या मुळाशी लाल, ओलसर चट्टा,
केस गेलेला, नखाएवढा.

इओतामनं आठवडाभर ते कानामागेच टाकलं.
मेंढ्या वीत होत्या, वेळ कुठे.
"कापून टाक कान," शेते म्हणाला,
"लांडग्याला धरायला काही उरत नाही.
खाजही जाते."

सुरीला धार लावून झाली होती.

मग रात्री चुलीपाशी
त्यानं कोमट मीठपाण्यात फडकं बुडवलं,
पाळी उलटली.
आतून गुलाबी, इतकी पातळ
की पलीकडचा दिवा दिसावा.
एक गोचीड. मग दुसरी.

पिल्लानं त्याचा अंगठा चावला, सोडला,
पुन्हा चावला.

सकाळी त्याच सुरीनं त्यानं चीज कापलं,
साल पिल्लाला.